ओल्या भिंतीचा ग्रह

सी ल्हाशमी : …अपराध एकाच्या हातून घडावा आणि त्याचे शासन दुसऱ्याने भोगावे, हे ह्या जगात पूर्वीही झाले आहे, नौफल. परंतु जिने काहीच केले नाही तिलाच दिवसेंदिवस खात्री वाटत जावी की हे आपल्याच हातून घडले, आणि ज्याला कुणाला खरे ठाऊक आहे त्याने ह्याच गल्लीत कुठेतरी स्वस्थ चहा पीत बसावे, ह्याला काय म्हणावे? अन्याय हा शब्द मला अपुरा वाटतो. दुसरा अजून सापडलेला नाही.

नौफल : चहा घ्या ना, सी ल्हाशमी. गार होतोय. पुदिना सकाळीच आणलाय आईनं.

सी ल्हाशमी : घेतो. तू लहानपणी माझ्यापुढे पाटी घेऊन बसायचास, तेव्हाही धडा येत नसला की मला पाणी आणून द्यायचास.

नौफल : तसं नाही हो. उगाच आपलं.

सी ल्हाशमी : ऐक. मी तुझ्याकडे एका साक्षीसाठी आलो आहे. शुक्रवारी नमाजानंतर वस्तीतल्या बायका दर्ग्याच्या अंगणात जमणार आहेत आणि दर्गा सांभाळणाऱ्या मबारकेकडून किल्ली काढून घेणार आहेत. लल्ला शामाच्या दर्ग्याची भिंत तिने धुतली, असा त्यांचा आरोप आहे. कुणाचा मुलगा समुद्रापलीकडे गेला आहे, कुणाची कूस उजवलेली नाही, कुणाचे लग्न जमत नाही. ज्या ज्या बाईने मेंदीत हात बुडवून त्या भिंतीवर उमटवला, तिचे मागणे धुऊन गेले म्हणतात. नव्या हातांना जागा हवी म्हणून मबारकेने जुने पुसले, असेही एकीने पसरवले आहे.

नौफल : मबारका मावशी असं कशाला करेल!

सी ल्हाशमी : तेच तुला सांगायचे आहे शुक्रवारी. वसंतात तुला छायाचित्रे हवी होती, म्हणून मी शब्द टाकला आणि तिने तुला किल्ली दिली. तू आत गेलास तेव्हा भिंतीवर हात होते की नव्हते?

नौफल : होते.

सी ल्हाशमी : सगळे?

नौफल : भिंत भरलेली होती. पंज्यावर पंजे. छतापर्यंत. मी गेलो तेव्हा होते.

सी ल्हाशमी : तू गेलास तेव्हा होते. बरे. एवढे सांगितलेस तरी पुष्कळ आहे. निदान वेळ तरी निश्चित होईल… हे काय आहे रे पडद्यावर? मघापासून फिरते आहे. नारिंग आहे का?

नौफल : ग्रह आहे.

सी ल्हाशमी : कोणता?

नौफल : कुठलाच नाही. म्हणजे आकाशात नाही असा. मी केलेला. अंतराळाची चित्रं काढणारे, सिनेमे करणारे लोक असतात ना, त्यांना असे ग्रह लागतात. गोळा काय, संगणक कुणालाही देतो. त्याच्यावरची कातडी करायची, ते माझं काम.

सी ल्हाशमी : कातडी! आमच्या नदीकाठच्या चांभारांना कळले तर तुला जातीत घेतील.

नौफल : घ्यायलाच हवं. काम तेच आहे. चौकोनी चित्र घ्यायचं आणि गोळ्यावर ताणून बसवायचं. जिथं दोन कडा भेटतात तिथं शिवण दिसता कामा नये. वरच्या आणि खालच्या टोकाला कातडी चिमटते, तिथं हातानं सारखी करावी लागते. आणि चित्र खऱ्या वस्तूचं असेल तरच ग्रह जिवंत वाटतो. नुसता रंग फासला की प्लास्टिकचा चेंडू. म्हणून मी फोटो काढत हिंडतो. हा करडा चंद्र बघा, ओळखा कशाचा.

सी ल्हाशमी : खड्डे आहेत. राख आहे का?

नौफल : आईचा तवा. रव्याच्या पोळ्या भाजायचा. पालथा घालून फोटो काढला तर ती म्हणाली, माझ्या संसाराची काजळी जगाला दाखव, मेल्या. आणि हा पिवळसर, गुळगुळीत, याच्यावर दोनतीन डाग आहेत तो?

सी ल्हाशमी : हे मला कुठेतरी पाहिल्यासारखे वाटते.

नौफल : मोख्तार काकांचं टक्कल.

सी ल्हाशमी : सुब्हानल्लाह! त्याला ठाऊक आहे?

नौफल : त्यांना सांगितलंय वाळवंट आहे म्हणून. ते म्हणाले, सुंदर आहे, पण ओसाड वाटतं.

सी ल्हाशमी : हसवलेस. बऱ्याच दिवसांनी हसलो. आणि हा तांबडा? हा सर्वांत देखणा आहे. ज्वाळा विझत विझत थिजल्यासारखा.

नौफल : हा… भिंतीचा आहे.

सी ल्हाशमी : कोणत्या भिंतीचा?

नौफल : त्याच.

सी ल्हाशमी : लल्ला शामाच्या? मग हात कुठे आहेत?

नौफल : हात दिसून चालत नाही. ग्रहावर माणसाची खूण दिसली की तो ग्रह राहत नाही, भिंत होते. बोटं दिसली तिथं शेजारचा रंग ओढून झाकलं.

सी ल्हाशमी : एकेक हात शोधून?

नौफल : राहिले होते तेवढे. चित्रातले, हं. चित्रात तसं करतातच.

सी ल्हाशमी : 'राहिले होते तेवढे.' हूं. आणि हे आडवे पट्टे?

नौफल : वादळं. मोठ्या ग्रहांवर वारे असे गोल गोल वाहतात, त्याचे पट्टे दिसतात. ह्या पट्ट्यांमुळेच निवडला तो. कासाब्लांकात एक प्रदर्शन आहे, तिथं घुमटाच्या आतून लावणार आहेत. लोक खाली आडवे पडून वर बघणार.

सी ल्हाशमी : माझी दृष्टी अधू आहे, परंतु हे वारे सगळे एकाच बाजूला जाड होऊन थांबलेले दिसतात. टोकाशी थेंब असावा तसे. नौफल, तू मूळ चित्र आडवे पाडले आहेस का?

नौफल : पाडावं लागतं कधीकधी. रचनेसाठी.

सी ल्हाशमी : उभे कर.

नौफल : आता कशाला? सगळं पुन्हा मांडावं लागेल. चहा…

सी ल्हाशमी : भिंत जशी उभी असते, तसे उभे कर, बाळ.

नौफल : …हे घ्या.

सी ल्हाशमी : हे ओघळ आहेत.

नौफल : हो.

सी ल्हाशमी : वारे नव्हेत.

नौफल : नाही.

सी ल्हाशमी : पाणी कुणी मारले?

नौफल : दगडावर पाणी मारलं की रंग उघडतो, सी ल्हाशमी. कोरडा दगड फोटोत मेल्यासारखा येतो. आम्ही सगळे मारतो. नदीवरच्या बुरुजावर मारलं, बंदरातल्या गंजक्या नावेवर मारलं. वाळलं की जसं होतं तसं. कुणाचं काही बिघडत नाही. आणि मेंदी म्हटल्यावर मला वाटलं, हातावरची मेंदी बायका दिवसभर भांडी घासतात तरी जात नाही. ही कशी जाईल?

सी ल्हाशमी : हातावर ती कातडीत मुरते. चुन्यावर नुसती बसलेली असते.

नौफल : आता कळतंय. तेव्हा नाही कळलं.

सी ल्हाशमी : न कळता घडले, तर ते सांगायला एवढे दिवस का लागले?

नौफल : आणखी चहा घालू का?

सी ल्हाशमी : मी वाट पाहतो. दुपारच्या नमाजाला अवकाश आहे.

नौफल : पहिलं पाणी न कळता मारलं. खरंच. लल्ला शामाची शपथ नको, तुमचीच घेतो. फवारा मारला आणि बघतो तर वरच्या रांगेतले हात सुटायला लागले. बोटं लांब झाली. तपकिरी होते ते एकदम लाल झाले, केशरी झाले, एकमेकांत मिसळत खाली आले. तसा रंग मी जन्मात पाहिला नव्हता. तेव्हा थांबायला हवं होतं.

सी ल्हाशमी : थांबला नाहीस.

नौफल : बादली घेतली. मावशीचीच, विहिरीपाशी होती ती. दुसरं पाणी कळून मारलं.

सी ल्हाशमी : ला इलाहा इल्लल्लाह.

नौफल : म्हटलं, हे हात तसेही सुटणारच कधीतरी. म्हटलं, नव्या बायका नवे लावतील. त्या वेळी माणूस काय काय म्हणतो स्वतःशी! मग ती बादली तशीच दाराशी ठेवली आणि निघालो. मावशी भट्टीवर पाव भाजायला गेली होती. किल्ली तिच्या उंबऱ्यावर ठेवली.

सी ल्हाशमी : बादली दाराशी. त्याच बादलीने तिचा घात केला. 'माझ्याशिवाय त्या बादलीला कोण हात लावतं,' म्हणते. 'बादली ओली, दाराशी, आणि मला काही आठवत नाही. म्हणजे मीच.' 'नौफल नुसते फोटो काढून गेला, तो कशाला धुवेल,' असेही म्हणते. बायकांनी आरोप करण्याआधीच तिने स्वतःला दोषी ठरवले होते.

नौफल : तुम्ही सांगा ना तिला. माझ्याकडून. तुमचं ती ऐकते. शुक्रवारी वाटलं तर मी शहरात जातो, तुम्ही बायकांना समजावा. आईला ह्याच बायकांबरोबर हम्मामात अंघोळीला जायचंय, भट्टीवर रांगेत उभं राहायचंय. तिला कोण जागा देईल?

सी ल्हाशमी : मी सांगितले, तर ते वृत्त होईल. तू सांगितलेस, तरच ते सत्य होईल. आणि तिला शोधत जावे लागणार नाही. मी येथे आहे हे तिला ठाऊक आहे. किल्ली मला सोपवण्यासाठी ती निघालीच असेल.

नौफल : इथं? आत्ता?

(जिन्यावर धाप ऐकू येते. मबारका वर येते. हातात पदरात गुंडाळलेले काही आहे.)

मबारका : अरे नौफल, तुझ्या आजोबांनी हा जिना माणसांसाठी बांधला की शेळ्यांसाठी रे? सलाम, सी ल्हाशमी. नाही, चहा नको. खाली तुझ्या आईनं पाजला. उभीच बरी आहे.

सी ल्हाशमी : बसा, लल्ला मबारका.

मबारका : बसले तर उठवत नाही. ही घ्या किल्ली. शुक्रवारपर्यंत कशाला थांबायचं? चारचौघींत माझ्या हातातून ओढून घ्यायची, त्यापेक्षा आपणहून दिलेली बरी. झैनबला द्या, तिचे गुडघे शाबूत आहेत. आणि डोकंही.

सी ल्हाशमी : तुमच्या डोक्याला काय झाले आहे?

मबारका : तुम्हाला ठाऊक आहे काय झालंय. आता मी चुलीवर काही ठेवलं की तिथंच उभी राहते. हलत नाही. हललं आणि विसरलं तर? काल शेजारणीला विचारलं, आज मी तुझ्याकडं आले होते का गं? ती माझ्याकडं बघतच राहिली. रात्री दाराला कडी लावते, आणि पुन्हा उठून बघते. हसू नको रे नौफल.

नौफल : हसत नाही, मावशी.

मबारका : बायकांचे हात पुसले, ते एक वेळ मी त्यांच्या पाया पडून मागून घेईन. पण माझ्या यत्तूचा हात मी पुसला, सी ल्हाशमी. तेवढं मला झेपत नाही.

नौफल : यत्तू कोण?

सी ल्हाशमी : ह्यांची मुलगी. तू जन्मला नव्हतास तेव्हा.

मबारका : एवढीशी होती. अंगात ताप. खांद्यावर टाकून नेली लल्ला शामाकडं. मेंदीत हात बुडवून लावला भिंतीला. दाराच्या मागं, खाली, तिच्या उंचीवर. करंगळी नीट उमटली नाही, तिनं हलवली ना मध्येच! माझ्यावर रागावली होती, मेंदी गार लागली म्हणून. तो ताप काही उतरला नाही. पुढं मी किल्ली मागून घेतली ती त्या हातासाठीच. कोपऱ्यात कुणाला दुसरा हात लावू दिला नाही कधी. रोज दार उघडलं की आधी तिथं वाकायचं. आणि तोच मी आपल्या हातानं धुतला, आणि मला आठवत नाही! कसली आई मी?

सी ल्हाशमी : नौफल.

नौफल : मावशी, तू नाही धुतलास.

मबारका : उगीच बरं वाटावं म्हणून बोलू नको. बादली…

नौफल : बादली मी ठेवली. दाराशी. तू भट्टीवर होतीस. भिंतीवर पाणी मी मारलं, फोटोत रंग चांगला यावा म्हणून. हात सुटायला लागले ते दिसलं मला, तरी आणखी मारलं. तू काही विसरली नाहीस. तू केलंच नाहीस, तर आठवणार काय?

मबारका : …पुन्हा सांग.

नौफल : भिंत मी धुतली.

मबारका : मी नाही?

नौफल : तू नाही.

मबारका : अल्हम्दुलिल्लाह. अल्हम्दुलिल्लाह! ऐकलंत, सी ल्हाशमी? मी नाही. माझं डोकं ठीक आहे. अगं बाई, माझं डोकं ठीक आहे!

सी ल्हाशमी : बसा आता. पाणी घ्या.

मबारका : थांबा. पाणी नको. अरे, परवा मी झैनबच्या दारात उभी राहून माफी मागत होते, तेव्हा तू समोरून गेलास. सलाम केलास मला!

नौफल : केला.

मबारका : माझ्या हातातली पिशवी घेतलीस. घरापर्यंत आणून दिलीस. मी तुला दुवा दिली. तुझ्या आईला सांगितलं, गुणी आहे हो तुझा मुलगा. ते ओझं कुणाचं वाहत होतास तू? माझं की तुझं?

नौफल : रोज ठरवत होतो सांगायचं.

मबारका : आणि रोज मला वेडी होऊ देत होतास. भिंत धुतलीस ती एका दुपारी. हे मात्र तू रोज केलंस.

नौफल : मावशी, एक आहे. पाणी मारायच्या आधी मी कोरडे फोटो काढलेत. सगळी भिंत, तुकड्या तुकड्यानं. त्यात हात जसेच्या तसे आहेत. यत्तूचाही असेल. थांब, आत्ता काढतो. मोठा करून छापून देतो तुला.

मबारका : आहे? खरंच आहे?

नौफल : हे बघ, हे दार. हा दिव्याचा कोनाडा. हे झैनबचे दोन्ही हात. आता खाली… दाराच्या मागं म्हणालीस ना?

मबारका : खाली, अजून खाली. त्या भेगेच्या डावीकडं.

नौफल : ही भेग. ह्याच्या डावीकडं… इथं फोटो संपतो.

मबारका : दुसरा असेल. बघ ना.

नौफल : बघतोय.

सी ल्हाशमी : शांतपणे पाहा.

नौफल : नाही, मावशी. आठवलं. त्या कोपऱ्यात दाराची सावली पडत होती. सावली असली की कातडीला डाग पडतो, म्हणून मी तो कोपरा सोडून दिला. तो घेतलाच नाही.

मबारका : घेतला नाही.

नौफल : नाही.

मबारका : आणि धुतला मात्र.

नौफल : पाणी वरून सगळीकडं गेलं.

सी ल्हाशमी : नौफल, आता काही बोलू नकोस.

नौफल : नाही, मला बोलू द्या. मी हा ग्रह पुसून टाकतो. आत्ता, तुमच्यासमोर. प्रदर्शनवाल्यांना कळवतो की देत नाही म्हणून. हे बघ, एक कळ दाबली की गेला. मूळ फोटोही…

मबारका : हात काढ तिथून.

नौफल : मावशी, मला हा बघवत नाही.

मबारका : तुला पुन्हा पुसायचंच सुचलं? त्यात झैनबचा हात आहे. राबियाचा आहे. पोरगा परत येऊ दे म्हणून तिनं बोटं दाबून दाबून लावला होता. तुझा म्हणून तू पुसणार? तो तुझा कधी होता?

नौफल : मग मी काय करू?

मबारका : मला काय विचारतोस? त्यांना विचार. शुक्रवारी अंगणात उभा राहा आणि मला सांगितलंस तसं सांग. दुसऱ्या बादलीसकट. ते कोरडे फोटो घेऊन ये. ज्या त्या बाईला तिचा हात दाखव, आणि तो ठेवायचा की मिटवायचा ते ती सांगेल. हा गोळा वर टांगायचा की नाही, तेही त्याच सांगतील. शिव्या देतील, त्या ऐक. कुणी चप्पल फेकली तर मी मध्ये पडणार नाही.

नौफल : आणि आई?

मबारका : तुझ्या आईच्या शेजारी मी बसेन. भट्टीवरही माझ्या पुढं उभी करेन तिला. तिनं पाणी मारलेलं नाही.

सी ल्हाशमी : मीही येईन. किल्ली तुमच्याकडे मी मागितली होती, लल्ला मबारका. ज्याच्या शब्दावर तुम्ही दार उघडलेत, त्यानेही त्या अंगणात खाली पाहून उभे राहिले पाहिजे. आणि ही तुमची किल्ली. घ्या.

मबारका : द्या… पोरा, तो गोळा फिरव बघू एकदा.

नौफल : हा असा.

मबारका : सुंदर आहे. खोटं कशाला बोलू? वाईट वाटतं तेच. एवढा सुंदर नसता तर तू थांबला असतास… ह्यात माझी यत्तू नाही म्हणतोस?

नौफल : नाही, मावशी. कुठंच नाही.

मबारका : बरं झालं. तिला अनोळखी माणसं आवडायची नाहीत.

नौफल : मावशी, मला माफ कर म्हणायला तोंड नाही.

मबारका : मग म्हणू नको अजून. शुक्रवार होऊ दे. आत्ता माफी दिली तर अर्धीच देईन. आता मला जिना उतरव. हळू. ह्या बाजूनं धर.

नौफल : धरलंय.

सी ल्हाशमी : सांभाळून. ती मधली पायरी सुटलेली आहे.

मबारका : दिसतंय हो मला… नौफल, अल्लाह तुझ्या आईवडिलांवर दया करो, तुझी जीभ शुक्रवारी अडखळू न देवो; आणि त्या भिंतीपाशी ज्यांनी ज्यांनी जे मागितलं, ते त्याच्यापर्यंत आधीच पोचलेलं असो.